सरांनी खोडलेलं वाक्य

११ जानेवारी १९८७, रविवार

ही डायरी कंपनीने दिली. गेल्या वर्षीच्या डायरीत राजारामने क्रिकेटचे स्कोअर लिहून तिची वाट लावली, म्हणून यंदाची मी माझ्या ट्रंकेत ठेवणार आहे. नवऱ्याचं नाव असं सरळ लिहिलेलं सासूबाईंना चालणार नाही, पण त्यांना वाचता येत नाही. इथे मनातलं लिहायचं आणि माझ्या मनात सध्या एकच माणूस ठाण मांडून बसलंय, माझी मोठी जाऊ कमल. समोर मी तिला ताई म्हणते. इथे म्हणणार नाही.

प्रज्ञाला जूनमध्ये शाळेत घालायचंय. मला कॉन्व्हेंटच हवं. तिथे आधी आईबापाची मुलाखत होते, ती इंग्रजीत. राजाराम टपाल खात्यात सॉर्टिंगला. तो म्हणतो, "मी यस सिस्टर, नो सिस्टर करीन. बाकी तू बघ." म्हणजे सगळं मीच बघायचं. मी बारावी पास आहे, कंपनीत पॅकिंगला औषधांच्या बाटल्यांवरचं बारीक इंग्रजी रोज वाचते, पण बोलायची वेळ आली की तोंडातून शब्द फुटत नाही. म्हणून आज पंतनगरला चंद्रप्रकाश सरांचा क्लास लावला. पिठाच्या गिरणीच्या वर खोली आहे. उठताना साडी झटकावी लागते.

घरी आले तर प्रज्ञा कमलच्या मांडीवर बसून वरणभात खात होती. मी हात धुऊन पुढे झाले तर पोरगी म्हणते, "तू नको, मोठी आई भरवते."

थोरल्या काकूला मोठी आई म्हणायची आमच्याकडे रीतच आहे, तिच्यात वावगं काही नाही. पण रोज ऐकून ऐकून कान किटले. नऊ महिने मी वागवलं आणि मी नुसती आई. जिची कूस कधी भरली नाही ती मोठी.

१८ जानेवारी, रविवार

सरांची पद्धत चमत्कारिक आहे. दर रविवारी ते एक शेपटीवालं क्रियापद देतात. म्हणजे नेहमीचंच क्रियापद, पण मागे एक छोटा शब्द चिकटतो आणि अर्थ भलतीकडे जातो. लुक म्हणजे बघणं हे शेंबडं पोरही सांगेल. लुक आफ्टर म्हटलं की सांभाळणं, दुखलंखुपलं बघणं. त्यावर पाच वाक्यं करायची आणि ती आपल्या घरातली, खरी. "पुस्तकातला राजा नको, प्रजा नको. तुमच्या घरात काल काय झालं ते सांगा. तेच तोंडात बसतं," असं ते म्हणतात.

मी झटक्यात हात वर केला. आय लुक आफ्टर माय डॉटर. व्याकरणात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. सरांनी ते फळ्यावर लिहिलं आणि विचारलं, "काल मुलगी काय जेवली?"

मी म्हटलं, "वरणभात."

"कुणी भरवलं?"

मी वहीत डोकं घातलं. सरांनी खडूनं वाक्यावर आडवी रेघ मारली. म्हणाले, "इंग्रजी बरोबर आहे. वाक्य खोटं आहे. पुढच्या वेळी खरं आणा."

वर्गातली माणसं हसली. त्यात एक रेशनच्या दुकानातला माणूस होता, त्याला स्वतःला धड यस म्हणता येत नाही. फी भरून अपमान करून घ्यायचा हा क्लास आहे. सरांना काय ठाऊक, सकाळच्या पाळीला जाणारी बाई पोरीला केव्हा भरवणार? मी कंपनीत जाते ती काय मजा करायला? प्रज्ञा तीन महिन्यांची होती तेव्हा रजा संपली आणि मी तिला कमलच्या हातात दिली. सांभाळायला दिली होती, देऊन टाकली नव्हती.

२५ जानेवारी, रविवार

क्लास बुडवला. प्रज्ञाला स्वतः न्हाऊ घातलं, म्हटलं आता बघू कोण वाक्य खोडतं ते. पोरीनं अशी किंकाळी फोडली की शेजारची सुंदराबाई काय झालं म्हणून दारात आली. साबण डोळ्यांत गेला होता. कमल मोरीच्या उंबऱ्याशी येऊन म्हणते कशी, "आधी कपाळावर हात धरायचा असतो गं. मग डोक्यावर पाणी घालायचं."

"मला शिकवू नका ताई," मी म्हटलं.

"शिकवत नाही. पोर रडतेय म्हणून सांगितलं."

सासूबाई खाटेवरून बघत होत्या. त्यांना कमलचं सगळं गोड लागतं. त्या स्वतः बारा-तेरा वर्षं घाटकोपरच्या एका शेठच्या बंगल्यात आया होत्या. शेठची तीन पोरं त्यांनी मोठी केली आणि त्यांची स्वतःची दोन, राजाराम आणि थोरले कुंडलिकदादा, चाळीत शेजारणीच्या भरवशावर वाढली. बंगल्यात त्यांना कपबशी वेगळी असायची, ती मोरीजवळच्या खिडकीत पालथी ठेवलेली. हे त्या फार बोलत नाहीत. पण कमल लग्न होऊन आली तेव्हा त्यांनी सांगून ठेवलं होतं, की या घरातली सून शिकलेली असेल तर ऑफिसात जाईल, कंपनीत जाईल, नाहीतर आपल्या घरात राहील, पण कुणाची आया होणार नाही. कमल सातवी नापास, म्हणून ती घरात राहिली. माझ्या पोरीसाठी काही ती नोकरी सोडून बसलेली नाही. सगळे मात्र तसंच बोलतात.

८ फेब्रुवारी, रविवार

आज सरांनी वाक्य पास केलं. माय सिस्टर-इन-लॉ लुक्स आफ्टर माय डॉटर. मग त्यांनी विचारलं कशी, आणि मी सांगत गेले. ती पोरीला झोपवताना पाठीवर थापटत नाही, कानामागे बोट फिरवते. ताप आला की पायाला कांद्याचा रस लावते. शेवग्याच्या शेंगेतला गर काढून भातात कालवते, म्हणजे पोरीला कळत नाही. सगळं धडाधड इंग्रजीत आलं, अडलं नाही. सर म्हणाले, "बघा, खरं बोललं की जीभ सुटते."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. असा संताप झाला की काय सांगू. माझी पहिली टाळी आणि ती कमलची.

२१ फेब्रुवारी, शनिवार

मुलाखत झाली. जसं झालं तसं लिहिते.

प्रज्ञा सकाळपासून कमलच्या गळ्याला चिकटलेली. कमल येणार नसेल तर फ्रॉकच घालणार नाही म्हणाली. म्हणून तिला न्यावं लागलं. तिला म्हटलं होतं चांगली साडी नेसा, तर ती धुवट पांढरी, निळ्या काठाची नेसून आली. म्हणे पोर खांद्यावर लाळ गाळते, चांगली कशाला खराब करू. शाळेच्या व्हरांड्यात इतर आया जॉर्जेटच्या साड्या नेसून, पर्स घेऊन बाकावर बसल्या होत्या. आया म्हणजे आईचं अनेकवचन. आणि त्यांच्या मागे भिंतीला टेकून दुसऱ्या आया, पोरं कडेवर घेतलेल्या, सगळ्या अशाच पांढऱ्या साडीत. कमल कुठे जाऊन उभी राहावी? तिथेच भिंतीला, कारण बाकावर जागा नव्हती.

आमचं नाव पुकारलं. प्रज्ञा कमलला सोडेना, तेव्हा सिस्टर म्हणाल्या तिलाही आत घ्या. राजाराम आधीच घामाघूम. सिस्टरनी कमलकडे बघून मला विचारलं, "इज शी युअर आया?"

मी यस सिस्टर म्हणाले.

नाही म्हटलं असतं तर पुढे किती इंग्रजी लागलं असतं. ही जाऊ, एकत्र कुटुंब, दोन खोल्यांत सहा माणसं. आणि पुढचं कुणी ऐकून घेतलं असतं? यस सिस्टर एवढंच सोपं होतं. मग त्यांनी विचारलं की तुम्ही कामाला जाता, तर मुलीला कोण सांभाळतं? तेच क्रियापद. चार आठवडे घोकलेलं. मी म्हटलं, "आय लुक आफ्टर हर, सिस्टर. शी ओन्ली हेल्प्स." एकदाही अडखळले नाही. सिस्टर खूश झाल्या. राजाराम माझ्याकडे बघत होता, पण त्याने यस आणि नो एवढंच बोलायचं ठरलेलं होतं.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातच आली नाही. इंग्रजीत चाललंय म्हणजे कमलला कळणार नाही, असं मी धरून चालले होते. आणि आया हा शब्द तर दवाखान्यात, बालवाडीत सगळीकडे आपलाच आहे. तिने प्रज्ञाला ह्या कडेवरून त्या कडेवर घेतलं, बस्स.

बसमध्ये ती प्रज्ञाला मांडीवर घेऊन बसली. घरी चपला काढताना हळू आवाजात म्हणाली, "राधा, त्या बाईने मला आया म्हटलं आणि तू हो म्हणालीस."

"ताई, इंग्रजीत तसं म्हणायची पद्धत असते."

"पद्धत," ती म्हणाली. "सासूबाईंना सांगू ही पद्धत?"

"सांगा," मी म्हटलं. तिने सांगितलं नाही. मला वाटलंच होतं सांगणार नाही.

२४ फेब्रुवारी

नवीन थेर सुरू झालंय. घरात आम्ही दोघीच असलो की ती मला बाईसाहेब म्हणते. "बाईसाहेब, बेबीचं दूध तापवू?" "बाईसाहेब, मी बसले तर चालेल?" चहा प्यायली आणि स्वतःचा कप वेगळा धुऊन मोरीजवळच्या फळीवर पालथा ठेवला. सासूबाई आल्या की उचलून आत. मी म्हटलं, "ताई, हे बंद करा." तर म्हणते, "आयाला ताई कुणी म्हणतं का?"

राजारामला सांगितलं. त्याने पेपरातून डोकं वर काढलं नाही. म्हणाला, "माफी माग, मिटव."

कसली माफी? माझ्या पोरीच्या भल्यासाठी एक शब्द बोलले, त्यात हिचं काय झडलं? शाळा लागली तर फायदा तिच्याही लाडकीचाच आहे.

२ मार्च, सोमवार

यादी लागली. प्रज्ञाचं नाव आहे. आमच्या चाळीतली कॉन्व्हेंटमध्ये जाणारी ती पहिली मुलगी. पेढे आणले. सासूबाईंनी मला जवळ घेऊन कानशिलावर बोटं मोडली. लग्नाला सहा वर्षं झाली, त्यांनी असं पहिल्यांदा केलं. कुंडलिकदादा कधी बोलत नाहीत, तेही म्हणाले, "राधानं करून दाखवलं." कमलने पेढा घेतला, अर्धा मोडला आणि प्रज्ञाच्या तोंडात घातला. उरलेला अर्धाही तिलाच.

२२ मार्च, रविवार

एक अडचण आहे. जूनपासून प्रज्ञाला शाळेत सोडायला-आणायला कमलच जाणार, माझी पाळी असते. फाटकावर सिस्टर स्वतः उभ्या असतात. पोरीने तिथे मोठी आई, मोठी आई केलं तर मी खोटी पडेन. म्हणून हिला थोडं तयार करून ठेवायला हवं.

आज लिमलेटची गोळी दाखवून बसवलं. घरी मोठी आई, शाळेत शी इज अवर आया. पोरगी हुशार आहे, तीनदा सांगितल्यावर पाठ झालं. लगेच गोळी मागितली. मग नुसतं बोट दाखवलं की म्हणायला लागली. त्याचबरोबर ते वाक्यही पक्कं केलं, माय मदर लुक्स आफ्टर मी.

कमल मोरीत भांडी घासत होती. एकदम घासण्याचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला. ऐकलं असेल तर ऐकू दे. शाळेपुरतंच आहे.

१४ एप्रिल, मंगळवार

आज जयंती होती. 

संध्याकाळी चाळीच्या मधल्या मोकळ्या जागेत मंडप होता. मिरवणुकीआधी मुलांचे कार्यक्रम. मंडळाचे भाऊराव माझ्याकडे येऊन म्हणाले, "वहिनी, तुमची प्रज्ञा आता इंग्रजी शाळेत जाणार, तिला चार वाक्यं बोलू दे. बाबासाहेबांच्या पुढं आपली एक चिमुरडी इंग्रजी बोलतेय, लोकांना बरं वाटेल." मला कोण अभिमान. पांढरा फ्रॉक, दोन वेण्या. वेण्या कमलनेच घातल्या होत्या.

पोरगी माइकपुढे उभी राहिली. माय नेम इज प्रज्ञा. माय फादर्स नेम इज राजाराम. माय मदर लुक्स आफ्टर मी. टाळ्यांचा कडकडाट झाला. भाऊराव हौशीने पुढे होऊन लोकांना मराठीत सांगू लागले, आई मला सांभाळते असं म्हणतेय. मी उभी राहिले, सगळ्यांना दिसावी म्हणून.

टाळ्या ऐकून पोरीला चेव आला. पुढच्याच रांगेत कमल बसली होती, प्रज्ञाची पाण्याची बाटली आणि सँडल मांडीवर घेऊन. प्रज्ञाने तिच्याकडे बोट केलं आणि मोठ्यांदा म्हणाली, "शी इज अवर आया." आणि माझ्याकडे बघून हात पुढे केला. गोळीसाठी.

पोरं हसली. भाऊरावांनी अर्थ सांगायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. सासूबाई खुर्चीत होत्या, पांढऱ्या साडीत, छातीला निळी फीत. त्यांना इंग्रजी येत नाही. पण तो एक शब्द त्यांनी बारा-तेरा वर्षं ऐकलाय.

त्या उठून माझ्यापर्यंत आल्या. "कुणी शिकवलं हे पोरीला?"

मी राजारामकडे बघितलं. कमल उठली, प्रज्ञाला स्टेजवरून उतरवून कडेवर घेतलं. पोरगी तिच्या गळ्याला मिठी मारून विचारत होती, "मोठी आई, मी चांगलं म्हटलं ना?"

"चांगलं म्हटलंस," कमल म्हणाली. मग सासूबाईंकडे वळली. "तिच्या शाळेसाठी मी तेही करणार होते. रोज जाऊन त्या बायांच्या रांगेत उभी राहणार होते, तोंडातून शब्द काढणार नव्हते. पण ते शाळेत. इथं नाही. आज नाही."

कुंडलिकदादांनी मला काही विचारलं नाही. राजारामला विचारलं, "तुला ठाऊक होतं?" राजारामने मान खाली घातली. दादांनी पुढे होऊन कमलच्या हातातली बाटली आणि सँडल घेतले आणि दोघं घराकडे गेली. सासूबाई मिरवणुकीला थांबल्या नाहीत.

२६ एप्रिल, रविवार

गेली एकदाची. विक्रोळीला कन्नमवार नगरात दादांच्या मित्राची खोली रिकामी होती. सासूबाईही त्यांच्याबरोबर गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "मी दुसऱ्याची पोरं वाढवली ती पोटासाठी. हिनं तुझी वाढवली ती कशासाठी, ते एकदा बसून विचार कर."

खोली मोठी वाटते. मोरीजवळची फळी मी काढून टाकली.

टेम्पो भरत असताना मी कमलला विचारलं होतं, मानापमान बाजूला ठेवून विचारलं, की प्रज्ञा झोपताना ते कुठलं गाणं म्हणायला लावते, मला त्याचे शब्द येत नाहीत. ती कंदील कागदात गुंडाळत होती. वर न बघता म्हणाली, "तूच सांभाळतेस ना तिला? तुला येतच असेल."

किती दुष्ट असावं माणसानं. पोरीपुरते तरी चार शब्द सांगायचे.

१० मे, रविवार

प्रज्ञा तिसऱ्या दिवशीही दुपारची जेवली नाही. सुंदराबाई म्हणाली, मी आठ दिवस बघीन, पुढं जमणार नाही. पाळणाघरवाली म्हणाली जागा नाही. शेवग्याच्या शेंगेचा गर काढून भातात कालवला, तर पोरीने ओळखला आणि थुंकला. कानामागे बोट फिरवलं तर हात झटकून म्हणाली, असं नाही.

राजाराम काल विक्रोळीला जाऊन आला. एकटाच गेला, एकटाच आला. मी विचारलं काय म्हणाली. म्हणाला, "चहा दिला. प्रज्ञाचं वजन किती विचारलं. मला सांगता आलं नाही."

मला जायला सांगू नये त्याने. मी जाणार नाही.

३० मे, शनिवार

राजीनामा दिला. पॅकिंगच्या बायकांनी पाकिटात घालून पेनचा सेट दिला. माझी जागा लगेच भरली, ती मुलगी माझ्याच स्टुलावर बसली होती. क्लास उद्या, पण आजच सरांच्या खोलीवर जाऊन सांगितलं की आता येणार नाही. त्यांनी कारण विचारलं तर म्हटलं, मुलीला सांभाळायचंय. ते म्हणाले, "मग इंग्रजीत सांगा." मी सांगितलं नाही.

१५ जून, सोमवार

शाळेचा पहिला दिवस. मीच सोडायला गेले. वेण्या वाकड्या झाल्या, रिबिनी सुटत होत्या. रस्त्याच्या एका बाजूला आईबाप उभे, पलीकडे झाडाखाली आयांची रांग, सगळ्या पांढऱ्या साड्या.

फाटकावर सिस्टर होत्या. त्यांनी मला ओळखलं. विचारलं, तुमची ती आया कुठे आहे, चांगली होती.

"नो आया, सिस्टर," मी म्हटलं. "आय लुक आफ्टर हर."

त्या गुड म्हणाल्या आणि पुढच्या मुलाकडे वळल्या. सरांनी जानेवारीत खोडलेलं तेच वाक्य. आज त्यांनी खोडलं नसतं.

प्रज्ञा रडली नाही. मुलांच्या ओळीत उभी राहिली आणि आत जाता जाता मागे वळली. मी हात हलवला. तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ती पलीकडे झाडाखालच्या आयांकडे बघत होती, एकेकीच्या तोंडाकडे, ओळ संपेपर्यंत.